मंगल, तुझ्या मजकुरातले एक अक्षर

मंगल, घरातला चोर सापडला.

तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, "आता कुणावर घातलास आळ?" आणि तुझे ते विचारणे गैर ठरले नसते. गेल्या वर्षभरात या घरात आपण दोघांनी एकमेकांवर जेवढा संशय घेतला, तेवढा इतर सख्खी भावंडे जमिनीच्या वाटणीतही घेत नसतील. आपल्याकडे तर वाटून घेण्यासारखे काही नव्हतेच. जिन्याखालच्या खोलीत, तुझ्या शिलाई मशीनला खेटून ठेवलेला एक जुना संगणक होता, आणि त्याच्या पोटात तू लिहीत होतीस तो मजकूर. काल दुपारी त्या संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक लाल ओळी उमटत गेल्या आणि मला कळले की तुझी अक्षरे बदलणारा मी नव्हतो, तूही नव्हतीस. तू हे ऐकायला हवी होतीस. तुला जाऊन अजून महिना व्हायचा आहे.

तरीही एका अक्षराचा छडा लागलेला नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आपण दोघे बार्शीकडच्या एकाच घरात, एकाच चुलीपुढे बोलायला शिकलो. मी शिक्षणासाठी सोलापूरला आलो, पुढे छापखान्यात मुद्रितशोधक झालो, आणि इतरांच्या चुका दुरुस्त करता करता माझ्या तोंडातले गाव कधी गळून गेले ते मला समजले नाही. दाजी गेल्यावर लेक वैशालीला घेऊन तू माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा मात्र गाव तोंडात घेऊनच आलीस. पूर्व भागातल्या या गल्लीत, यंत्रमागांच्या खटखटाटात, तू टॉवेलच्या कडा शिवत बसायचीस आणि शेजारणींशी बोलायचीस. मी छापखान्यातून परतलो की दारातच तुझा आवाज ऐकू यायचा आणि मला, आता लपवून काय उपयोग, थोडे ओशाळल्यासारखे व्हायचे. "न्हाय की," "व्हय की," "कुटं ठिवलंय." तू माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखत असावीस, कारण मी आत आलो की तू एकदम कमी बोलायचीस.

संगणक आपण वैशालीच्या अभ्यासासाठी घेतला होता. तिला अकलूजच्या शाळेत नोकरी लागली, ती तिकडे गेली आणि जाण्यापूर्वी तुला मराठी टाइप करायला शिकवून गेली. शिलाईचे गठ्ठे कारखान्यात पोचते झाले की तू त्याच्यासमोर बसू लागलीस. काय लिहितेस म्हणून विचारले तर म्हणालीस, "बोलणं लिवती." आणि खरोखरच फाईलला नावही तेच दिले होतेस: बोलणं. आई कशी बोलायची, आजी काय म्हणून रागवायची, शिवताना बाया एकमेकींना काय सांगतात, ते जसेच्या तसे. पहिल्याच पानावर तू लिहिले होतेस, "आमच्या आईला कुनी इचारलं, काय करतीस गं, तर ती म्हनायची, बसलीया. हातात ढीगभर काम आन् म्हनायची बसलीया." मी ते वाचले आणि माझा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. तू ते पाहिलेस.

"भाऊ, एक सांगती. ह्याला लाल पेन लावायचा न्हाय."

"अगं, बोली राहू दे. नुसत्या शुद्धलेखनाच्या दोन-चार..."

"दोन बी न्हाय आन् चार बी न्हाय. ही माजी भाकर हाय. तू तिची चपाती करशील."

मी हसलो आणि कबूल झालो. तो शब्द मी पाळला. मात्र तो पाळला जाईल यावर तुझा पुरता विश्वास कधी बसला नाही, आणि का बसावा? जन्मभर मी तुझे बोलणे मध्येच थांबवून शब्द दुरुस्त करीत आलो होतो.

सुरुवात एका हसण्याने झाली. तू तुझ्या वहिनीला एक परिच्छेद वाचून दाखवत होतीस. तिन्हीसांजेचे वर्णन होते. आई देवापुढे दिवा लावते, एवढेच. पण तू पडद्यावर दिसले ते वाचलेस: "आईनं देवापुढं दावा लावला."

"देवावर केस केली होय सासूबाईंनी?" तुझी वहिनी म्हणाली, आणि तुम्ही दोघी पोट धरधरून हसलात. हसता हसता तू थांबलीस आणि माझ्याकडे पाहिलेस.

"मी दिवाच लिवला व्हता."

"बोट चुकले असेल," मी म्हणालो.

"सुईखाली चुकत न्हाय माजं बोट, आन् हितं चुकंल व्हय?"

काही दिवसांनी "शिरा लई खोड झाला" असे निघाले. तू लिहिले होतेस "गोड". मग "भाकर" एके ठिकाणी "बाकर" झाली, "धाकटी" झाली "दाकटी". तू विचारलेस, "भाऊ, हात लावलास काय?" मी नाही म्हणालो. तू मान हलवलीस, पण ती मान पटल्याची नव्हती. माझ्याही मनात तेव्हा काही वेगळेच शिजत होते. मी आजवर असंख्य प्रूफे वाचली आहेत. माणसाची चूक कशी असते ते मला माहीत आहे. ती सहसा घाईची असते, किंवा अज्ञानाची, किंवा सवयीची. "दावा" आणि "खोड" या तीनही प्रकारांत बसत नव्हते. चौथा प्रकार मला ठाऊक होता, कारण आईच्या शेवटच्या वर्षांत तो मी पाहिला होता. आई शब्दाच्या जागी शेजारचा शब्द ठेवायची. तवा मागायचा तर तांब्या म्हणायची.

मग तुझे स्वतःचे नावच चुकलेले सापडले. "वैनी मला मंगल म्हनत्यात" असे तुला लिहायचे होते. तिथे "मंखल" होते.

मंगल, त्या एका शब्दाने आपले खटले उभे राहिले. तू म्हणालीस, "माजं नाव तरी नीट ऱ्हाऊ द्यायचं की रे." तुझ्या दृष्टीने मी आता थट्टेवर उतरलो होतो. आणि मी स्वतःशी म्हणालो, जिला स्वतःचे नाव लिहिता येत नाही तिला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. दोघांच्याही ध्यानात एक साधी गोष्ट आली नाही. "मंखल" असे सोलापुरात कोणी बोलत नाही. तुझ्या जिभेवर तो शब्द येणे शक्य नव्हते आणि माझ्या लाल पेनातून तो उतरणे त्याहून अशक्य होते. म्हणजे त्या खोलीत तिसरे कोणीतरी होते. पण संशय एकदा दोन माणसांत शिरला की तिसऱ्याला मोकळे रान मिळते.

त्यानंतर मी तुला तपासू लागलो. सकाळी चहा घेताना सहज म्हणून विचारायचो, "आपल्या शाळेतल्या गाणे शिकवणाऱ्या बाईंचे नाव काय गं?" "गावातल्या विहिरीवर कुठले झाड होते?" तू उत्तरे द्यायचीस, सगळी बरोबर. चिंच म्हणालीस, आणि तिच्या कोणत्या फांदीवरून मी पडलो होतो तेही सांगितलेस. मग एकदा बशी खाली ठेवून तू म्हणालीस, "भाऊ, मला इचारतोयस का तपासतोयस?"

मी म्हणालो, "विचारतोय."

"मग उत्तर दिल्यावर तुजं तोंड असं का पडतंय?"

तुझी उत्तरे बरोबर आल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात माझा सिद्धान्त डळमळत होता आणि मला त्याचे वाईट वाटत होते. हे मला तेव्हाच समजले होते की आज लिहिताना समजते आहे, याविषयीही मला आता खात्री देता येत नाही.

तुझे तपासणे अधिक हुशारीचे होते. तू कीबोर्डवर टॉवेलचा एक दोरा आडवा टाकून ठेवायचीस, पांढऱ्यावर पांढरा, सहज दिसू नये असा. तू भाजीला गेलीस की मी फाईल उघडून नव्या चुका पाहायचो. बदलत काही नव्हतो, पण उघडत होतो. दोरा दिसला त्या दिवशी मी तो काळजीपूर्वक उचलला आणि काम झाल्यावर काळजीपूर्वक परत ठेवला. संध्याकाळी तू तुझ्या वहिनीला, मला ऐकू येईल अशा बेताने म्हणालीस, "वैनी, दोऱ्याला गाठ हाय, आन् ती डाव्या अंगाला ठिवली व्हती." तुझा आरोप खोटा होता आणि पुरावा खरा होता. अशा वेळी माणसाने काय बोलावे?

याच सुमारास संगणक मधूनच मरू लागला. लिहिता लिहिता पडदा निळा व्हायचा, इंग्रजीत काहीतरी उमटायचे आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. कधी तो सुरूच व्हायचा नाही, नुसता बीप बीप करीत राहायचा. त्याचेही खापर आपण एकमेकांवर फोडले. डब्याचे झाकण उघडले तर आत टॉवेलांच्या तुसाची पांढरी गादी जमलेली. मी म्हणालो, "हे तुझ्या शिलाईचे." तू म्हणालीस, "आन् ही काळी धूळ? तुज्या कागदांची." उन्हाळ्यात खोली तापते म्हणून पंखा त्याच्याकडे वळवला तर तू उकाड्यात शिवत बसलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. दुरुस्तीच्या दुकानदाराने व्हायरस असल्याचे सांगितले, सगळे पुसून पुन्हा भरून दिले. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा निळा पडदा. मला त्या दुकानदाराचाही संशय आला. खरे सांगायचे तर त्या काळात मी ज्याचा संशय घेतला नाही असे एकच नाव सांगता येईल, आणि ते म्हणजे माझे.

तुझी वहिनी तेवढी वैतागली. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एका अक्षराचा केवढा बाऊ करता हो दोघं! तो डबा भंगारात द्या, नाहीतर मला तरी माहेरी सोडा."

तू म्हणालीस, "वैनी, तुमी जावा. मग हितं आमा दोघांत भांडणाला बी माणूस उरायचं न्हाय." आणि त्या दिवशी आपण तिघेही हसलो. पुढे जे झाले त्यामुळे ते हसणे मी कैकदा आठवून पाहिले आहे. वहिनीचा तो "बाऊ" तुझ्या कानात राहिला असेल का, हे शोधण्यासाठी.

कारण त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुझ्या फाईलमध्ये नवा परिच्छेद आला. मी तो चोरून वाचला. दोरा या वेळी नव्हता, तू पहारा ठेवणे सोडून दिले होतेस. परिच्छेद असा होता: "लहानपनापास्नं मला एकच बाऊ. तो जवळ आला की मी नीट बोलाया बघती. आन् नीट बोलाया गेलं की कायच बोलता येत न्हाय."

मी ते वाक्य पुन्हा वाचले. "एकच भाऊ" असेल तर ते आपल्या दोघांची सरळ हकिगत होती. मला एकच बहीण, तुला एकच भाऊ. "एकच बाऊ" असेल तर लहान मुलांना ज्याची भीती घालून गप्प करतात तो मी होतो. आणि मंगल, पुढची दोन वाक्ये दोन्हींना सारखीच लागू पडत होती. मुद्रितशोधक संशयित शब्दाचा निकाल मागच्यापुढच्या वाक्यांवरून लावतो. इथे मागचे-पुढचे दोन्हीकडून साक्ष देत होते.

मी तुला विचारायला हवे होते. एवढेच म्हणायचे होते, "मंगल, हा भ आहे की ब?" एका अक्षराचा प्रश्न. पण विचारले असते तर चोरून वाचल्याचे कबूल करावे लागले असते. आणि त्याहून मोठी अडचण ही की तू खरे उत्तर दिले असतेस. मी विचारले नाही. मी तुझ्याशी बोलणेच कमी केले. "मंगलला सांग, माझे जेवण झाले," असे मी वहिनीला सांगायचो, तू दोन हातांवर बसलेली असताना. तू म्हणायचीस, "वैनी, भाऊला सांगा, ऐकू आलं." तुझी ती थट्टा होती. माझा हात धरून मला परत आणायचा तो प्रयत्न होता, हे मला दिसत होते. मी आलो नाही. तुझ्या प्रत्येक "भाऊ"कडे मी कान लावून बसलो होतो, पहिले अक्षर पुरते उच्चारतेस की नाही ते पाहत. जो हाकेतले अक्षर तपासतो त्याला हाक ऐकू येत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावरही कळू नये!

मग ऐन उन्हाळ्यात तू अचानक गेलीस. त्याविषयी इथे लिहीत नाही. एक गोष्ट सोडून, आणि ती शेवटी.

वैशाली दिवसकार्य आटोपून अकलूजला परत निघाली तेव्हा तिने मला एकच मागितले. "मामा, आईचं लिहिलेलं छापून द्या. पुस्तक नको, साधी पुस्तिका. ज्या बायकांचं बोलणं आहे त्यांना वाटू." मी हो म्हणालो. संगणक सुरू केला आणि फाईल उघडताच पडदा निळा झाला. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तू गेली होतीस, आणि तुझे बोलणे उरले होते ते या डब्यात. डबा शेवटच्या घटका मोजत होता. कसेबसे सुरू करून मी फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली.

प्रत घेतली की ती मुळाशी ताडून पाहायची ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. एकाने मूळ मोठ्यांदा वाचायचे, दुसऱ्याने प्रतीवर बोट फिरवायचे. तुझी वहिनी संगणकावरून वाचू लागली. पेन ड्राइव्हवरची प्रत मी छापखान्यातून कागदावर काढून आणली होती. दुपारची वेळ, बाहेर माग चालू, आत तिचा आवाज. तुझे "न्हाय" आणि "व्हय" तिच्या तोंडून ऐकताना आम्हा दोघांनाही मध्येच थांबावे लागत होते. एका ठिकाणी ती म्हणाली, "चुलीम्होरं भाकर थापताना..." माझे बोट थांबले. माझ्या कागदावर "बाकर" होते.

"पुन्हा वाच."

"भाकर. स्पष्ट आहे की हो. भ."

दोन प्रती, एकाच दिवशी, एकाच फाईलच्या. तू या जगात नव्हतीस. मी हात लावला नव्हता. आणि भाकरीची बाकर झाली होती.

मी किती वेळ तसाच बसलो होतो ते तुझ्या वहिनीला विचार, असे लिहिणार होतो. सवय जात नाही.

त्या संध्याकाळी वैशालीने फोनवरून सांगितले ते करीत गेलो. संगणकाच्या स्मरणाची, म्हणजे मेमरीची, तपासणी करणारा एक प्रोग्रॅम असतो. तो प्रत्येक जागी काहीतरी लिहितो आणि लगेच परत वाचतो. लिहिले तेच वाचले गेले तर पुढे जातो, वेगळे वाचले गेले तर लाल ओळ. आपल्या डब्यात स्मरणाच्या दोन पट्ट्या होत्या, बोटभर रुंदीच्या, हिरव्या. त्यांची सोनेरी टोके आधी खोडरबराने घासून स्वच्छ केली. मग एक काढायची, दुसरीवर तपासणी चालवायची, नंतर अदलाबदल. तपासणी फार सावकाश चालते, म्हणून ती सुरू करून मी कामाला जायचो आणि परतून पाहायचो. पहिल्या पट्टीवर काही निघाले नाही. काल दुपारी घरी आलो तर दुसरीवर पडदा लाल झाला होता. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली, तरी लाल. म्हणजे दोष खाचेत नव्हता, पट्टीतच होता.

त्या लाल ओळींत एकच दोष पुन्हा पुन्हा दिसत होता. संगणक अक्षर ओळखत नाही, अक्षराला दिलेला क्रमांक ओळखतो. आणि आपण पाटीवर मुळाक्षरे गिरवतो जवळपास त्याच क्रमाने ते क्रमांक आहेत. ख नंतर ग, ब नंतर भ. त्या पट्टीत एक जागा अशी बिघडली होती की तिथे येणारा विषम क्रमांक एकाने खाली घसरायचा. ग घसरला की ख. भ घसरला की ब. ह्रस्व वेलांटी घसरली की काना. मंगलची मंखल, गोडाचे खोड, दिव्याचा दावा. तुझ्या लांबलचक मजकुरातले जे एखादे अक्षर दुर्दैवाने त्या जागी येऊन पडे, तेवढेच बदले. बाकी सगळे शाबूत. म्हणून तर कोणाला शंका आली नाही. यंत्र सगळेच बिघडवते तर आपण यंत्राला दोष दिला असता. त्याने मोजकेच आणि वेचक बिघडवले, तेव्हा आपल्याला ते माणसाचे काम वाटले.

आता माझी खरी अडचण ऐक. व्याकरणात भ, ध, थ, झ यांना महाप्राण म्हणतात. त्यांच्या उच्चारात श्वास अधिक लागतो. ब, द, त, ज हे अल्पप्राण. त्या पट्टीने या चौघांचा श्वास काढून घेतला, ब चा भ कधी केला नाही. आणि आपल्या गावची बोलीही नेमके हेच करते. माझ्या "माझा"चा तुझ्याकडे "माजा" होतो. म्हणजे तुझ्या मजकुरात जिथे जिथे श्वास उणा आहे, तिथे तो तुझ्या जिभेने उणा केला की पट्टीने, हे सांगायचे कोणी? मी सगळे महाप्राण परत बसवले तर भाकरीची चपाती होते. काहीच केले नाही तर यंत्राचा खोटेपणा तुझ्या नावावर छापला जातो.

मी एक नियम ठरवला. सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही माणसाच्या तोंडून त्या जागी जे येऊच शकत नाही, तेवढेच दुरुस्त करायचे. मंखल, खोड, दावा. बाकी जे तुझ्या बोलण्यात शोभले असते ते तसेच ठेवायचे. या नियमाने सगळी पाने सुटली. एक शब्द सुटला नाही.

पट्टीचा दोष सिद्ध झाल्यावर माझ्या मनाने फार लगबगीने निकाल दिला की तोही पट्टीचाच प्रताप. तू "भाऊ"च लिहिले होतेस. या लगबगीचा मला संशय आला. जे मला हवे होते तेच सापडले होते. फाईलच्या सगळ्या प्रतींत तिथे "बाऊ"च आहे, त्यामुळे ताडून पाहण्याचा मार्ग बंद. वहिनीच्या तोंडून तो शब्द तुझ्या कानावर पडून फार दिवस झाले नव्हते. आणि शब्दारंभीचा भ तू बोलताना गिळत नव्हतीस, पण लिहिताना, रागात, मुद्दाम? तू विनोदी होतीस. तुला असा विनोद सुचला असता, आणि तो अगदीच अन्यायाचा नव्हता.

वैशाली आज सकाळीच आली होती, छापायला द्यायची पाने न्यायला. त्या पानावर ती थांबली.

"मामा, हे बाऊ की भाऊ?"

"मला सांगता येत नाही."

तिने चमकून पाहिले. एखाद्या अक्षराविषयी असे उत्तर तिने माझ्याकडून कधी ऐकले नव्हते.

"भाऊच असणार. आई असं लिहील का? करा की भाऊ."

"स्वतःचे प्रूफ स्वतः तपासायचे नाही असा आमच्यात नियम आहे, वैशू."

"हे तुमचं कुठाय? आईचं आहे."

"या शब्दापुरते माझे आहे."

तिने पान परत माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाली, "मग ठेवा तसंच. पण छापखान्यातला जुळणीवाला चूक समजून बदलेल की."

त्याची सोय आमच्या धंद्यात आहे. खोडलेला किंवा शंकास्पद वाटणारा शब्द कायम राखायचा असेल तर त्याच्याखाली टिंबांची ओळ देतात. अर्थ एवढाच: आहे तसे ठेवा. इतक्या वर्षांत ती खूण मी फार क्वचित वापरली असेल. माझा हात खोडण्याकडे वळलेला. आज मी लाल पेन उघडले आणि तुझ्या त्या शब्दाखाली टिंबे दिली. "ह्याला लाल पेन लावायचा न्हाय" असे तू बजावले होतेस. मी लावला, मंगल. हात लावू नका हे सांगण्यासाठी लावला. तू भांडली असतीस, पण मनातून मान्य केले असतेस असे वाटते. वाटते म्हणतो. खात्रीने बोलणे मी सोडले आहे.

वैशाली पाने घेऊन अकलूजच्या गाडीला गेली, मग बिघडलेली पट्टी काढून ठेवली. संगणक आता एकाच पट्टीवर चालतो, फार हळू. मी त्याच्यावरच हे लिहितो आहे. शेजारी तुझे मशीन, त्याच्यावर अर्धी कड शिवलेला टॉवेल तसाच.

ती शेवटची गोष्ट आता लिहितो. दवाखान्यात तुझ्या तोंडावर मास्क होता. मी उशाशी उभा होतो, गेले कित्येक दिवस सरळ तुझ्याशी न बोललेला. तू डोळे उघडलेस आणि मला हाक मारलीस. तुझ्यात श्वास इतका थोडा उरला होता की महाप्राणाला पुरणार नव्हता. मास्कमधून जो शब्द आला तो "बाऊ" असा आला. पुढे म्हणालीस, "मशीन बंद केलंस का?" संगणक की शिलाईचे, तेही मी विचारले नाही.

त्या घटकेला अक्षर तपासायचे मला सुचले नाही. मी ओ दिली.